आकड्यांऐवजी नावं कशी दिसतील?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या नोंदी मी पीएचपीमायअॅडमिनमध्ये (मायएसक्यूएल डेटाबेस ब्राउझरमधून हाताळायचं साधन) पाहते. देवघेवीच्या टेबलात सभासद क्रमांक आणि पुस्तक क्रमांक असे नुसते आकडे दिसतात. पुस्तक कोणाकडे आहे हे कळायला दर वेळी दुसरं टेबल उघडावं लागतं. तिथेच नाव दिसेल अशी सोय आहे का?

उत्तर : आहे, पण ती देवघेवीच्या टेबलात शोधू नका. नाव ज्या टेबलातून यायचं, सेटिंग तिथे असतं. सभासदांचं टेबल उघडा, 'स्ट्रक्चर'मधून 'रिलेशन व्ह्यू'मध्ये जा. खाली 'चूज कॉलम टू डिस्प्ले' दिसेल. तिथे कॉलम निवडून सेव्ह करा. पुस्तकांच्या टेबलातही तसंच. मग देवघेव 'ब्राउझ' करताना 'एक्स्ट्रा ऑप्शन्स'मध्ये (जुन्या आवृत्त्यांत 'ऑप्शन्स') 'रिलेशनल की'ऐवजी डिस्प्ले कॉलमचा पर्याय घ्या. दोन्ही टेबलांशी फॉरिन की (एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी बांधणारा दुवा) जोडलेली हवी, हे धरून चालले आहे.

'चूज कॉलम टू डिस्प्ले'चा चौकोन दिसतच नसेल तर कॉन्फिगरेशन स्टोरेज (अशा सेटिंग्ज साठवणारी पीएचपीमायअॅडमिनची स्वतःची टेबलं) बसवलेलं नाही. पीएचपीमायअॅडमिनच्या एसक्यूएल फोल्डरमधली 'क्रिएट टेबल्स' फाइल एकदा चालवून घ्या.

आता खरी मेख. कॉलम एकच निवडता येतो, आणि बहुतेक जण पहिलं नाव निवडून मोकळे होतात. एकाच नावाचे दोन सभासद निघाले की पुस्तक एकाकडे आणि तगादा दुसऱ्याला! म्हणून मी सभासदांच्या टेबलात एक जनरेटेड कॉलम (इतर कॉलमांवरून आपोआप तयार होणारा) करायला सांगेन, मायएसक्यूएल 5.7 पासून ही सोय आहे. त्यात नाव, आडनाव आणि फोनचे शेवटचे चार अंक जोडा. जोडायला 'कॉनकॅट' या फंक्शनऐवजी 'कॉनकॅट डब्ल्यूएस' वापरा. एखाद्याचा फोन नल (न भरलेला) असेल तर साधं 'कॉनकॅट' अख्खं नावच नल करून टाकतं. सभासद क्रमांक ऑटो-इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा) असेल तर तो मात्र जनरेटेड कॉलममध्ये घेता येत नाही, मायएसक्यूएल नाकारतं. पुस्तकांसाठी शीर्षकापुढे दाखल क्रमांक हवाच, नाहीतर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती ओळखणार कशा?

नवी नोंद भरतानाही हाच कॉलम समोर येतो. सभासद शंभरापेक्षा कमी असतील तर थेट यादी उघडते, जास्त असतील तर शेजारच्या चिन्हावर क्लिक करून वेगळ्या खिडकीत शोधावं लागतं. ही मर्यादा मूळ सेटिंगमध्ये 100 असते. वाढवता येते, पण मी वाढवणार नाही. हजार नावांची यादी खाली सरकवताना चुकीच्या ओळीवर क्लिक सहज होतं.