नवा मोअर घेऊ की पॉलिसी मोडू?

प्रश्न: इंदूरला बायपासजवळ आमचं मॅरेज गार्डन आहे, लॉन दोन एकरांची. गवत कापायचा, बसून चालवायचा जुना मोअर आहे. ह्या पावसाळ्यात त्याचे तीन ड्राइव्ह बेल्ट गेले. इंजिन चालतं, पाती फिरतात, पण चढावर गाडी सरकत नाही आणि जळक्या रबराचा वास येतो. नवा 4 लाखांना आहे. डीलर 9 टक्के फ्लॅटने 36 हप्ते करून देतोय. की पॉलिसी मोडून रोख घेऊ? ती बँकेने सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) लिमिट वाढवताना दिली. वर्षाला 1 लाख, 10 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी 20 लाख, म्हणजे दुप्पट. दोन हप्ते भरलेत, तिसरा सीसीतून भरीन. सीसीचे 32 लाख उचललेले आहेत, व्याज 11 टक्के. वय 46, मुलं शाळेत. विमा हाच, 10 लाखांचा.

उत्तर: दोन्ही नको.

पाती फिरतायत म्हणजे पात्यांचा पट्टा शाबूत आहे. चाकांकडे ताकद नेणारा दुसरा पट्टा घसरतोय. एका पावसाळ्यात तीन गेले, तर चौथा आणण्याआधी मेकॅनिकला बाकीचं बघायला लावा. इंजिन बंद, प्लगची कॅप काढलेली, आणि मग आयडलर पुली, म्हणजे पट्टा ताणून धरणारी मोकळी चक्री, हाताने फिरवायची. खरखरली किंवा डुगडुगली तर बेअरिंग गेलंय. ताण देणारी स्प्रिंग सैल झाली आहे का, पुलीच्या खाचेत गंज किंवा ऑइल आहे का, पट्टा गाइडच्या आतूनच गेलाय का, हेही बघा. आणि सियागंज बाजारातून लांबी जुळवून साधा व्ही-बेल्ट आणला असेल, तर तिथेच घोळ असू शकतो. बऱ्याच मोअरमध्ये हा पट्टा क्लचचंही काम करतो, त्याला घसरणं सोसावं लागतं. म्हणून तो ॲरामिड नावाच्या चिवट दोऱ्याचा, वरून कापड चढवलेला येतो. मॅन्युअलमधला पार्ट नंबर देऊनच मागवा. शिवाय आपली काळी माती आणि ओलं गवत डेकखाली, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाखाली, थापून बसतं, ते दर वेळी खरवडून काढायला सांगा. गिअरबॉक्स ठीक असेल तर हे काम दहा हजारांच्या आत बसावं.

डीलरचे 9 टक्के म्हणजे 9 नव्हेत. तीन वर्षांचं व्याज 1 लाख 8 हजार, हप्ता 14 हजार 100 च्या आसपास. मुद्दल दर महिन्याला उतरतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 4 लाखांवर. खरा दर 16 टक्क्यांच्या घरात जातो.

आता पॉलिसी. भरलेत 2 लाख आणि मोडून 4 लाखांचा मोअर येईल, हे कोणी सांगितलं? भरलेलंसुद्धा पूर्ण परत येणार नाही. ‘दुप्पट’चंही ऐका. पहिला हप्ता 20 वर्षं अडकतो, दहावा 11 वर्षं, सरासरी साडेपंधरा. दुपटीचा दर ढोबळ काढायला 72 ला वर्षांनी भागतात. 72 ला साडेपंधराने भागा, साडेचार टक्क्यांच्या जरा वर. म्हणजे तुम्ही 11 टक्क्यांनी पैसे उचलून साडेचार टक्क्यांत गुंतवणार! सीसीच्या फाइलबरोबर असली पॉलिसी गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आलाय. कर्जासाठी असल्या पॉलिसीची सक्ती बँकेला करताच येत नाही.

पण पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते शेवटचं वाक्य. देणं 32 लाखांचं, विमा 10 लाखांचा. तुम्हाला काही झालं तर विम्याचे सगळे पैसे बँकेत भरूनही 22 लाख उरतात, आणि बुकिंगवाल्यांचे ॲडव्हान्स वहिनींना परत करावे लागतील ते वेगळेच.

तेव्हा आधी साठीपर्यंतचा 1 कोटीचा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. तंबाखू नसेल तर वर्षाला साधारण 25 ते 35 हजार. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. गुटखा असेल तर फॉर्मवर लिहा. लपवलंत तर क्लेम अडकेल. पॉलिसी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या, त्याचा अर्ज प्रपोजलबरोबरच द्यावा लागतो, मागाहून चालत नाही. मग ती रक्कम बायकोमुलांची; देणेकऱ्यांचा त्यावर हात पडत नाही. बँकेला किती द्यायचे आणि गार्डन ठेवायचं की नाही, ते वहिनी ठरवतील.

टर्म प्लॅन हातात आला, की तिसरा हप्ता भरू नका. लिमिटसाठी पॉलिसी घ्यायला लावल्याचे मेसेज किंवा ईमेल असतील, तर सरेंडरआधी, म्हणजे पॉलिसी मोडण्याआधी, विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर भोपाळला विमा लोकपाल आहेत, फी लागत नाही. तिथेही काही झालं नाही तर सरेंडर आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी चालू ठेवणं), दोन्हींचे आकडे कंपनीकडून लेखी मागवा. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनी सरेंडरला आधीपेक्षा बरी रक्कम मिळते, पण तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे का ते तारखेवरून बघा. सरेंडरचे 1 लाख जरी हातात आले, तरी ते सीसीत भरले की वर्षाला 11 हजार व्याज वाचतं.

फक्त टर्म प्लॅनचा कागद हातात येईपर्यंत सरेंडरच्या अर्जावर सही नको. मेडिकलमध्ये शुगर निघाली, तर नवा विमा मिळणं अवघड होईल, मग ह्या 10 लाखांच्या विम्याचंही मोल वाढेल.