वळवाच्या मागं निघण्याआधी

भावा, आधी पावसाचा नकाशा उघडू नकोस. एप्रिल-मेचा वळीव त्यात नीट सापडत नाही. सकाळी हवामानाच्या मॉडेलमध्ये, म्हणजे संगणकानं काढलेल्या अंदाजात, ‘केप’ बघ, म्हणजे हवेची वर उसळायची ताकद. आकडा 2000 च्या पुढं असेल तर दुपार मोकळी ठेव. जोडीला दवबिंदूही बघच, हवेत ओलावा किती ते त्यावरून कळतं. सोलापूरच्या कोरड्या उन्हात दमट हवा कुठून शिरतेय, खरी मेख तिथंच आहे. मॉडेलमधली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर साडेपाच तास मिळव, नवी पोरं इथंच फसतात. दुपारनंतर मॉडेल सोड, रडार धर. तेही काही मिनिटं जुनं असतं, म्हणून ढगाखाली शिरू नकोस. मंगळवेढ्याकडं गेलास तर डांबरी सोडू नकोस, काळ्या रानात गाडी रुतते. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांत गडगडलं, की गाडीत बसून काचा वर कर.