टीएसएच वाढले, मग थायरॉइड कमी कसे?

प्रश्न : माझ्या आईचे वय ५२ आहे. रक्ततपासणीत तिचे टीएसएच ११.२ आले आणि अहवालात त्यापुढे ‘जास्त’ असा शेरा होता. डॉक्टर मात्र ‘थायरॉइड कमी आहे’ म्हणाले आणि रोजची गोळी सुरू केली. आकडा वाढलेला असताना ग्रंथी कमी कशी? पुढची तपासणी थेट दीड महिन्याने का? आणि आकडा सुधारल्यावर गोळी थांबवता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हा घोटाळा अनेक घरांत होतो, आणि त्यात वाचकांपेक्षा अहवालाच्या मांडणीचा दोष अधिक आहे. ‘थायरॉइड प्रोफाइल’ या मथळ्याखाली छापलेले टीएसएच हे थायरॉइडचे, म्हणजे गळ्यातील अवटू ग्रंथीचे, संप्रेरक नाहीच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीत तयार होते आणि अवटू ग्रंथीला कामाला लावते. अवटू ग्रंथीची स्वतःची संप्रेरके म्हणजे टी-४ आणि टी-३. रक्तात त्यांचे प्रमाण घटले की हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग व पीयूषिका यांना ते जाणवते आणि टीएसएच अधिक प्रमाणात स्रवू लागते. प्रमाण पुरेसे झाले की तोच स्राव आवरला जातो. टीएसएच ही एक हाक आहे असे समजा : झोपलेला उठत नसला की हाक चढत जाते. आईच्या अहवालातील ११.२ हा त्या चढलेल्या आवाजाचा आकडा आहे.

ही व्यवस्था विलक्षण संवेदनशील असते. टी-४ किंचित घटले तरी टीएसएच कित्येक पटींनी वाढते, त्यामुळे टी-४ अजून प्रयोगशाळेने दिलेल्या मर्यादेत असतानाच टीएसएच बोलू लागते. म्हणून अहवालात ‘फ्री टी-४’, म्हणजे रक्तातील प्रथिनांना न चिकटलेले मोकळे टी-४, किती आहे, तेही अवश्य पाहावे. टीएसएच १०च्या वर टिकून राहिले तर बहुतेक डॉक्टर उपचार सुरू करतात. त्याखालच्या आकड्यांना वय, लक्षणे आणि गर्भधारणेची शक्यता पाहून निर्णय होतो.

ग्रंथी मंदावते कशाने? आयोडीनच्या अभावी टी-४ तयारच होत नाही, आणि टीएसएचच्या सततच्या रेट्याने ग्रंथी फुगून गलगंड होतो. त्यासाठीच भारतात १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनयुक्त मीठ नियमित वापरणाऱ्या घरांत मात्र बहुधा निराळे कारण निघते : शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटते. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा विकार स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो.

आता दीड महिन्याविषयी. टी-४चे रक्तातील अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे सात दिवसांचे असल्याने नव्या मात्रेची पातळी स्थिर व्हायलाच पाच आठवडे लागतात, आणि त्यानंतर पीयूषिका आपला स्राव जुळवून घेते. तिसऱ्या आठवड्यात घाईने तपासणी केली तर आकडा अर्धवट उतरलेला दिसतो आणि मात्रा विनाकारण वाढवली जाण्याचा धोका असतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा किमान अर्ध्या तासाने, शक्यतो तासाभराने घ्यावा. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर चार तासांचे अंतर ठेवावे, कारण त्या औषधाला आतड्यातच अडकवून ठेवतात.

टीएसएच मर्यादेत आले म्हणून गोळी आपणहून थांबवू नये. तो आकडा गोळीमुळेच उतरलेला असतो. प्रसूतीनंतरच्या सुजेसारख्या काही कारणांत ग्रंथी पुन्हा सावरते, पण आईचे तसे आहे का, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

एक अपवाद सांगायला हवा. क्वचित पीयूषिकाच आजारी असते. मग टी-४ घसरूनही टीएसएच वाढत नाही आणि केवळ त्यावर विसंबणारा फसतो. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता ही लक्षणे ठळक असून टीएसएच ठीक आले, तर फ्री टी-४ तपासून घ्यावे. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगावे आणि तपासणीपूर्वी निदान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात. काही यंत्रांवर त्यांच्यामुळे टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.