वाचकांचे प्रश्न : ड्रॅगन काढून टाकला तर गोष्ट उरते का?

प्रश्न : ‘फोर्थ विंग’ आणि ‘आयर्न फ्लेम’ लागोपाठ वाचल्या. माझ्या मते ही फँटसी नव्हेच. हे कॉलेजातलं प्रेमप्रकरण आहे आणि ड्रॅगन मागच्या पडद्यावर रंगवलेले आहेत. ‘बेबेल’ मात्र फार आवडली, पण मैत्रिणींना ती जड वाटते. ‘रोमँटसी’ (प्रेमकथा अधिक फँटसी) म्हणून जे विकलं जातं त्यात दम आहे की नाही, हे ओळखायचं कसं? (वाचक, सांगली)

उत्तर : तुमचं मत अर्धं पटतं. ओळखायची एक सोपी कसोटी आहे. कादंबरीतली अद्भुत गोष्ट मनातल्या मनात काढून टाका आणि कथानक उभं राहतं का ते बघा. जसंच्या तसं उभं राहिलं तर ती सजावट. कोसळलं तर फँटसी आपलं काम करते आहे.

रेबेका यारॉस यांची ‘फोर्थ विंग’ (२०२३) या कसोटीला उतरते. ड्रॅगनस्वार घडवणाऱ्या सैनिकी कॉलेजातली ही गोष्ट. नायिका व्हायलेटचा ड्रॅगन आणि नायक झेडनची ड्रॅगन ही एकमेकांची जोडी आहे. ही जोडी फार दिवस लांब राहू शकत नाही, आणि एकाचा जीव गेला तर बाकीच्यांच्याही जिवावर बेततं. त्यामुळे जिच्या आईमुळे आपल्या बापाचा जीव गेला, त्याच मुलीला जिवंत ठेवणं झेडनला भाग पडतं. ड्रॅगन काढले तर या दोघांना जवळ यायला कारणच उरत नाही. म्हणजे पडद्यावर रंगवलेले ते नक्कीच नाहीत.

तुम्हाला खटकलं असणार ते दुसरंच, आणि तिथे तुमच्याशी पूर्ण सहमत. पहिल्या अर्ध्या भागात व्हायलेटचे सांधे सहज निखळतात, ताकदीत ती कुणाला पुरी पडणार नाही. मग कॉलेजातली पुढची लढत कुणाशी आहे हे आधी हुडकून ती त्याच्या खाण्यात बेताबेतानं विषारी वनस्पती मिसळते. उणीव, तिच्यावर शोधलेला उपाय आणि पकडलं जाण्याची धास्ती, तिन्ही एका धाग्यात. पुढे एकाऐवजी दोन ड्रॅगन तिला निवडतात आणि वर विजेची शक्तीही मिळते. जे आधी कमवावं लागत होतं ते आता पदरात पडतं, आणि ताण सैल होतो. ‘आयर्न फ्लेम’मध्ये तर ‘तू मला का सांगितलं नाहीस’ हे एकच भांडण इतक्यांदा येतं की ड्रॅगनच्या लढायाही त्यात बुडतात. सीमेपलीकडचं रहस्य डोक्यात घोळत असेल तर तिसरा भाग ‘ऑनिक्स स्टॉर्म’ (२०२५) घ्या. फक्त जोडीसाठी वाचत असाल तर पहिल्या भागावर थांबलात तरी काही बिघडत नाही.

आर. एफ. क्वांग यांची ‘बेबेल’ (२०२२) तुम्हाला का आवडली, तेही या कसोटीवर कळतं. १८३०च्या दशकातलं ऑक्सफर्ड. चांदीच्या पट्टीवर एका बाजूला एका भाषेतला शब्द कोरायचा, दुसऱ्या बाजूला त्याचा दुसऱ्या भाषेतला प्रतिशब्द. भाषांतरात जे निसटतं ते पट्टीतून प्रत्यक्षात उतरतं. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. एका बाजूला ‘हुरहुर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘अँक्झायटी’ कोरून बघा. वाट पाहण्यातली गोडी आणि दुखरेपणा, दोन्ही मधल्या मध्ये राहिले. पट्टी चालेल ती त्यावर. आता नियमाची किंमत बघा. दोन्ही भाषा रक्तात असलेला माणूसच पट्टी चालवू शकतो आणि युरोपातल्या भाषा एकमेकींतून उसनं घेऊन घेऊन सारख्या होत चालल्यात. म्हणून साम्राज्याला कँटन आणि कलकत्त्याची मुलं लागतात. जादूचा नियम आणि वसाहतीचं राजकारण इथे एकच आहे.

मैत्रिणींना जड जातं ते तळटिपांमुळे. त्या वाक्याच्या मध्ये थांबून वाचू नका, प्रकरण संपलं की एकदम वाचा. कादंबरीचा खरा दोष वेगळाच आहे. खलनायक आपला वंशद्वेष इतका उघड बोलून दाखवतात की वाचकाला ओळखायला काही शिल्लकच राहत नाही.

त्यांना त्याहून हलकं पण नियमाला पक्कं काही हवं असेल तर रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांची ‘द टेन्टेड कप’ (२०२४) द्या. विज्ञानकथा-फँटसीसाठीचा २०२५चा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला. एका अधिकाऱ्याच्या शरीरातून झाड उगवून त्याचा मृत्यू होतो आणि तपास सुरू होतो. तपासनीसाचा मदतनीस डिन पाहिलेलं काहीही विसरत नाही, पण त्यासाठी त्याला काचेच्या कुप्यांतले वास हुंगावे लागतात. आठवण वासाला बांधलेली असते. साक्ष सांगताना तोच वास पुन्हा हुंगला की सगळं धडाधड बाहेर येतं. या भागातल्या खुनाचा उलगडा याच भागात होतो, त्यामुळे मालिकेत अडकण्याची भीती नाही.

प्रश्न : नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलो. ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ मोठ्या उत्साहानं घेतली आणि शंभर पानांत सोडली. पात्रं लाकडी वाटली. ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ मात्र दोन रात्रींत संपली. दोष माझा की पुस्तकाचा? (वाचक, ठाणे)

उत्तर : कुणाचाच नाही, पण तुम्ही चुकीच्या जागी थांबलात. पात्रं लाकडी आहेत हे खरं. ल्यू त्सिशिन यांच्याकडे कल्पना आधी येते आणि माणसं ती वाहून नेतात. नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ पुन्हा उघडून पाहिलीत तर ही रीत ओळखीची वाटेल. कथेच्या लांबीत ती सहज पेलते. कादंबरीत मात्र दोन कल्पनांच्या मधली पानं माणसांनाच भरावी लागतात, आणि नेमकी तीच तुम्हाला रखरखीत लागली.

कादंबरीत एक आभासी खेळ आहे, त्यातल्या मानवी संगणकापर्यंत तरी जा. तीन कोटी सैनिक मैदानात उभे आहेत, प्रत्येकाच्या हातात काळं आणि पांढरं निशाण. आधी तिघांवर प्रयोग होतो. दोघे आपापलं निशाण उंचावतात, तिसरा त्यांच्याकडे बघून ठरवतो. दोघांचंही काळं असेल तरच त्यानं काळं वर करायचं, नाहीतर पांढरं. इतकंच. संगणकातलं ‘अँड’ गेट झालं. अशा तिघातिघांच्या टोळ्या जोडत जोडत सगळं सैन्य गणित करू लागतं. डिजिटल सर्किट इतक्या थोडक्यात शिकवणारं पान कादंबऱ्यांत विरळाच.

वाचताना एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. कादंबरीतले परग्रहवासी जिथले, तो अल्फा सेंटॉरी हा खरोखर तीन ताऱ्यांचा समूह आहे, पण कादंबरीत त्या ताऱ्यांच्या फिरण्यात जो गोंधळ आहे तो तिथे नाही. दोन मोठे तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी मारतात. तिसरा, प्रॉक्सिमा, इतका लांब आहे की त्याला एका फेरीला सुमारे साडेपाच लाख वर्षं लागतात. त्यामुळे त्याचा त्या दोघांना फारसा उपद्रव नाही. गणित बेभरवशाचं होतं ते तिन्ही वस्तुमानं आणि तिन्ही अंतरं एकमेकांच्या तोडीची असतात तेव्हा. लेखकानं तेच गृहीत धरलं आहे, आणि एवढी सूट कादंबरीला द्यावी.

अँडी वीअर यांची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (२०२१) भरभर सरते, कारण तिथे प्रत्येक प्रकरणाला एक सोडवण्याजोगी अडचण आहे. नायक अनोळखी खोलीत जागा होतो आणि हातून पडणाऱ्या वस्तू जरा जास्तच वेगानं पडताहेत असं त्याला वाटतं. मग तो परीक्षानळी खाली सोडून वेळ मोजतो, आणि त्वरण निघतं दर सेकंदाला सेकंदी १५ मीटर. पृथ्वीवर ते ९.८ असतं. हिशेब तुम्हीही करून बघा. एक मीटरवरून पडायला इथे ०.४५ सेकंद लागतात, तिथे ०.३७. एवढ्याशा फरकातून आपण पृथ्वीवर नाही हे त्याला कळतं आणि वाचकालाही त्याच क्षणी कळतं. माणसांच्या बाबतीत वीअरही फार खोल जात नाहीत. नायकाच्या डोक्यातली बडबड गोड आहे म्हणून ते जाणवत नाही, इतकंच.

प्रश्न : प्रेमकादंबऱ्यांचा शेवट ठरलेला. मग वाचायचं कशासाठी? (वाचक, फोंडा)

उत्तर : शेवट गोड होणार, हा या प्रकारात लेखकानं वाचकाला दिलेला शब्द आहे. तो मोडला तर पुस्तक चांगलं असेलही, पण प्रेमकादंबरी म्हणून विकणं ही फसवणूक. त्यामुळे ‘पुढे काय’ याऐवजी ‘मध्ये काय आडवं येतं’ हे बघायचं. अडथळा एका वाक्यात सुटण्यासारखा असेल तर तिसऱ्या अंकातली ताटातूट खोटी वाटते. अली हेझलवूड यांच्या ‘द लव्ह हायपॉथिसिस’मध्ये (२०२१) नेमकं हेच होतं. खोट्या जोडीचं नाटक, संशोधनाच्या प्रयोगशाळेतलं वातावरण, सगळं झकास. पण नायिका ऑलिव्हनं एकदा खरं बोलून टाकलं असतं तर निम्मी पानं लागलीच नसती. एमिली हेन्री यांच्या ‘बुक लव्हर्स’मध्ये (२०२२) अडथळा खरा आहे. नोराचं काम आणि जीव न्यूयॉर्कात, चार्लीला आईवडिलांसाठी गावात राहायचंय. कितीही मोकळेपणानं बोलले तरी हा प्रश्न सुटत नाही, कुणाला तरी काहीतरी सोडावंच लागतं. तो सुटतो कसा, हे बघायला शेवटपर्यंत वाचायचं.

प्रश्न : तेरा वर्षांची मुलगी ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ मागते आहे. मैत्रिणी वाचतात म्हणते. द्यावी का? (वाचक, पुणे)

उत्तर : आत्ता नको. सारा जे. मास यांची ही मालिका २०१५मध्ये किशोरवयीनांसाठी म्हणून बाजारात आली, म्हणून जुन्या प्रती अजूनही त्या कपाटात सापडतात. २०२०मध्ये प्रकाशकानं ती मुखपृष्ठं बदलून प्रौढांच्या विभागात नेली, आणि ते योग्यच झालं. पहिल्या भागात छळाची लांब वर्णनं आणि शरीरसंबंध आहेत. दुसऱ्यापासून ते उघड होतं, २०२१च्या भागात सर्वांत जास्त. सतरा-अठरापर्यंत थांबा, आणि नाही म्हणताना कारण सांगा. आत्ता तिच्या हातात कॅथरीन रंडेल यांची ‘इम्पॉसिबल क्रीचर्स’ (२०२३) ठेवा. उडता कोट घालणारी मॅल, दंतकथांतले प्राणी खरोखर जगतात असा द्वीपसमूह आणि मृत्यूकडे डोळेझाक न करणारी गोष्ट. तेराव्या वर्षी तिला ती लहान मुलांची वाटणार नाही.

प्रश्न : एका रविवारात संपेल असं काही? (वाचक, दुबई)

उत्तर : मार्था वेल्स यांची ‘ऑल सिस्टिम्स रेड’ (२०१७). सुरक्षारक्षक यंत्रमानव स्वतःवरचा ताबा स्वतःच सोडवून घेतो, आणि मिळालेल्या स्वातंत्र्यात त्याला फक्त मालिका बघत बसायचंय. किंवा सामंथा हार्वी यांची ‘ऑर्बिटल’, २०२४चं बुकर मिळालेली. सहा अंतराळवीर, २४ तास, पृथ्वीभोवती १६ प्रदक्षिणा, पानं दीडशेच्या आत. तिच्यात कथानक शोधू नका. दर दीड तासानं सूर्य उगवतो, तो बघायला बसा.