जाताना आठ तास, येताना सात: हे कसे?

प्रश्न : लंडन व न्यूयॉर्क या विमानतळांमधले अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आहे. प्रवासी विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर भागाकार जेमतेम सव्वासहा तासांचा येतो. मग न्यूयॉर्कला जाताना सुमारे आठ तास आणि परतताना सात तास का लागतात?

उत्तर : भागाकारात चूक नाही, पण ताशी ९०० हा वेग विमानाचा हवेतला वेग आहे आणि हवा स्वतःच वाहत असते. विमाने ज्या दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडतात, त्या थरात जेट स्ट्रीम नावाचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर विशेष असतो. वारा ताशी १५० किलोमीटरचा धरला, तर लंडनकडे येणारे विमान जमिनीच्या हिशेबाने ताशी १,०५० किलोमीटरने धावते व ५ तास १७ मिनिटांत पोहोचते; उलट दिशेला तोच वेग ७५० वर उतरतो आणि ७ तास २४ मिनिटे लागतात. पाठीवरच्या वाऱ्याने मिळालेला वेळ समोरच्या वाऱ्यात फिटून जाईल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १२ तास २० मिनिटे लागली असती, इथे १२ तास ४१ मिनिटे झाली, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ अडकलेले असते. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला, तरी भोवतालच्या हवेत ते ध्वनीपेक्षा मंदच होते.

आपण दिलेले अंतरही विमानतळ ते विमानतळ असे सर्वांत जवळच्या वाटेचे आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सपाट नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा बराच उत्तरेकडून, न्यूफाउंडलंडवरून जातो. विमान मात्र या दोऱ्याला बांधलेले नसते. अटलांटिकवरचे हवाई मार्ग वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्याने आखले जातात, आणि वारा अनुकूल असेल तर शे-दोनशे किलोमीटरचा वळसाही वेळ वाचवतो.

उरलेला फरक जमिनीवरचा आहे. वेळापत्रकातला कालावधी विमान दारापासून हलल्यापासून दुसऱ्या दारी थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची संथ चाल, रांग आणि उतरण्याआधीच्या घिरट्याही येतात. तिकिटावरच्या दोन वेळा वजा करून मात्र कालावधी काढू नये, कारण त्या त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. लंडनहून सकाळी ११ वाजता निघून न्यूयॉर्कला दुपारी २ वाजता उतरणारे विमान तीन तासांत पोहोचलेले नसते. एरवी पाच तासांचा असणारा वेळेतला फरक त्यात मिळवला, की आठ तास होतात.