गरोदरपणात दवाखान्याच्या अभ्यासात नाव द्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पाचवा महिना चालू आहे, पहिलंच बाळंतपण आहे, हिमोग्लोबिन ९.२ आलंय आणि दवाखान्यात एका अभ्यासाबद्दल विचारलंय. काही जणींना लोहाच्या गोळ्या, काही जणींना सलाईनमधून लोह, अधूनमधून रक्ततपासणी आणि बाळंतपणाच्या वेळी नाळेतलं रक्त. डॉक्टर म्हणतात नाव द्या, सासूबाई म्हणतात नको.

मी पुणे जिल्ह्यात गरोदर बायकांच्या अभ्यासांमध्ये बरीच वर्षं फील्ड वर्कर होते. माहितीपत्रक वाचून दाखवायचं, शंका ऐकायच्या, मग सही किंवा अंगठा घ्यायचा, हे माझं काम. धाकट्याच्या वेळी मी स्वतः एका अभ्यासात नाव दिलं होतं. म्हणून मत आधीच सांगते: तुम्ही लिहिलंय तेवढंच त्यात असेल, तर तुमच्या जागी मी हो म्हटलं असतं. मात्र ओपीडीच्या बाकावर बसून नाही. माहितीपत्रक घरी आणून, वाचून, एक रात्र मध्ये जाऊ देऊन.

हे आग्रहानं सांगते, कारण कितीतरी बायका अभ्यास काय आहे हे न कळताच सही करायला हात पुढे करायच्या. ‘मॅडमनी सांगितलंय ना, मग कुठे करू सही?’ तपासणारे डॉक्टर आणि अभ्यास करणारे डॉक्टर एकच असले, की नाही म्हणायची भीती वाटते. पुढे आपल्याकडे नीट बघतील ना, असं मनात येतं. नियम अगदी स्पष्ट आहे. नाही म्हटलं तरी तुमचे नेहमीचे उपचार तसेच चालू राहायला हवेत, आणि हो म्हणून मध्येच बाहेर पडलात तरी कारण देण्याची सक्ती नाही. फुकट सोनोग्राफीसाठी म्हणून मात्र नाव देऊ नका. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या तशाही मोफतच असतात.

आता तुमच्या अभ्यासाबद्दल. ९.२ म्हणजे मध्यम अ‍ॅनिमिया. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात. गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, मळमळतं, आणि पुष्कळ बायका त्या डब्यात तशाच ठेवून देतात, हे मी घरोघरी पाहिलंय. म्हणून एकदाच सलाईनमधून लोह दिलं तर आईला आणि बाळाला जास्त फायदा होतो का, हा प्रश्न खरा आहे. असाच एक मोठा अभ्यास कर्नाटक आणि राजस्थानात झालाय. तुम्ही कोणत्या गटात जाल ते डॉक्टर ठरवत नाहीत, कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. ‘मला सलाईनच द्या’ म्हणून उपयोग नाही. तेव्हा विचारायचं ते हे, की कुठल्याही गटात गेले तरी मला लोह मिळणार ना? नुसती दिसायला औषधासारखी, आत काही नसलेली गोळी कुणाला देणार नाही ना? सलाईनमधल्या लोहाची क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून ते दवाखान्यातच देतात आणि नंतर थोडा वेळ बसवून ठेवतात. बसवून ठेवणार का, हेही विचारा.

माहितीपत्रकावर दोन गोष्टी बोट ठेवून शोधा. एक, सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक. औषधांच्या चाचण्यांची नोंदणी आपल्याकडे २००९ पासून सक्तीची आहे, आणि तो क्रमांक मोबाइलवर टाकला की अभ्यास कोण करतंय, पैसा कुणाचा, किती बायका घेणार, सगळं दिसतं. दुसरी, काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत, त्यात आईनं भाग घेतल्यामुळे पोटातल्या बाळाला झालेली इजाही भरपाईत धरली आहे. हे वाक्य माहितीपत्रकात नसेल तर एथिक्स कमिटीला, म्हणजे भाग घेणाऱ्यांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीला, फोन करून विचारा. तिचा नंबर माहितीपत्रकावर असायलाच हवा. सही केलीत तर सही केलेल्या कागदाची एक प्रत तुमच्याकडे राहते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

नाळेच्या रक्ताला घाबरू नका. नाळ कापल्यावर वारेकडच्या बाजूला राहिलेलं रक्त घेतात, बाळाला सुई लागत नाही. फक्त एक सांगून ठेवा: रक्त हवं म्हणून नाळ घाईनं कापू नका. जन्मल्यावर निदान एक मिनिट थांबून नाळ कापावी असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, कारण तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्याचा लोहाचा साठा वाढतो. तुमचं हिमोग्लोबिन कमी असताना तर हे फारच महत्त्वाचं.

सासूबाईंची काळजी मला कळते. ‘पोटुशीवर प्रयोग नकोत’ हे मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि त्यामागे इतिहास आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी युरोपात उलटीमळमळीवर गरोदर बायकांना थॅलिडोमाइड दिलं गेलं आणि हजारो मुलं हातापायांची वाढ न होता जन्मली. त्यानंतर गरोदर बायकांना चाचण्यांमधून वगळायची रीतच पडली. पण त्याचंही मोल बायकांनीच मोजलं. कोविडच्या लशींच्या सुरुवातीच्या चाचण्यांत गरोदर बायका नव्हत्या, त्यामुळे आपल्याकडे त्यांना लस मिळायला जुलै २०२१ उजाडला, आणि तोवर दुसरी लाट येऊन गेली होती. उलट, तुम्ही पहिल्या तीन महिन्यांत घेतलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बघा. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या डॉक्टर मुंबईत आल्या, गरोदर कामगार बायकांचा जीवघेणा अ‍ॅनिमिया अभ्यासला, आणि यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे दाखवलं. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढे सापडलेलं फोलेट, तुमच्या गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच रूप. हे सगळं सासूबाईंना सांगा, जमलं तर त्यांनाच दवाखान्यात घेऊन जा. सही मात्र तुमचीच लागते, घरच्या कुणाच्या सहीवर तुम्हाला अभ्यासात घेता येत नाही.

बाळाचा पाठपुरावा किती वर्षं करणार, हेही आधी विचारा. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये आईच्या आहाराचा अभ्यास सुरू झाला, त्यातली मुलं मोठी होऊन कर्ती झाली तरी त्यांची तपासणी चालू राहिली. भारतीय बाळ वजनाला कमी पण अंगात चरबी जास्त, हे त्यातूनच जगाला कळलं. मला अशा अभ्यासांचा अभिमान वाटतो. पण इतकी वर्षं कुणी घरी येणार असेल तर ते तुम्हाला आज माहीत असायला हवं. मूल १८ वर्षांचं झालं की निर्णय त्याचा स्वतःचा, त्याआधी संमती आईबापांची लागते, आणि मूल सात वर्षांचं झालं की त्यालाही विचारतात.

आणि पहिली खेप आहे म्हणजे सातव्यानंतर तुम्ही माहेरी जाणार असाल. सही करण्याआधीच हे सांगा. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर पुढच्या तपासण्या कुठे होणार, नाळेचं रक्त कोण घेणार, जाण्यायेण्याचं भाडं मिळणार का, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. बाळंतपण कुठे करायचं हे अभ्यासाच्या सोयीनं ठरवू नका.