रिकामी पेटी आणि भरलेली पेटी

प्रश्न : इंग्लंडमधील डार्टमूरच्या पठारावर कांस्ययुगातील दफनाची टेकाडे आहेत, परंतु त्यांच्या पोटातील दगडी पेट्या बहुधा रिकाम्याच सापडतात, असे वाचनात आले. हाडेच मिळत नसतील, तर त्यांना थडगी कशावरून म्हणायचे?

उत्तर : शंका रास्त आहे. चार शिळा उभ्या पुरून वर एक आडवी झाकणशिळा ठेवायची आणि त्यावर दगडमातीची रास रचायची, अशी या पेट्यांची बांधणी असते. मात्र डार्टमूर हे ग्रॅनाइटचे पठार असून तेथील माती इतकी आम्लधर्मी आहे की, न जाळता पुरलेल्या देहाची हाडेसुद्धा कालांतराने तिच्यात विरून जातात. त्यातच राशीखाली धन पुरलेले असते या समजुतीने कित्येक टेकाडे पूर्वीच उकरली गेली. (माती आणि चोर यांत अधिक नुकसान कोणी केले, हे ठरवणे अवघड आहे.)

सुदैवाने याच पठारावरील व्हाइटहॉर्स हिल येथे, सुमारे 600 मीटर उंचीवर, एक अनुच्छिष्ट पेटी मिळाली. भोवतालचा पीटचा, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचा, थर झिजत चालल्यामुळे 2011 मध्ये तिचे उत्खनन करण्यात आले आणि आतील ऐवज मातीसकट उचलून प्रयोगशाळेत उलगडण्यात आला. अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली एका तरुण व्यक्तीची जळकी हाडे, सालीच्या तंतूंची विणलेली टोपली, नेटल या खाजऱ्या वनस्पतीच्या धाग्यांचा चामड्याची किनार लावलेला पट्टा, कातीव लाकडाच्या कुड्या आणि दोनशेहून अधिक मणी, असा तो ऐवज होता. मण्यांत शेल दगडाचे, मातीचे, कथलाचे आणि अंबराचे, म्हणजे झाडाच्या अश्मीभूत राळेचेही, मणी होते. हे दफन इ. स. पू. 1730 ते 1600 या काळातील आहे.

हे सारे टिकले ते दोन कारणांनी. एक तर देहाचे दहन झालेले होते, आणि जळलेले हाड आम्लाला सहसा दाद देत नाही. दुसरे म्हणजे, पाण्याने भिजलेल्या पीटमध्ये प्राणवायू पोहोचत नसल्याने जिवाणूंना कातडे व धागे कुजवता आले नाहीत. पीट वाळला असता, तर हे संरक्षणही संपले असते; म्हणूनच उत्खननाची निकड होती. हाच देह न जाळता, कोरड्या मातीत पुरला असता, तर संशोधकांच्या हाती फार तर मणी लागले असते. आणि तेही कोणी आधीच उचलून नेले असते, तर ही आपण विचारता तशीच आणखी एक रिकामी पेटी ठरली असती.